सुशोभीकरण

आमच्या गॅलरीतल्या दोरीवर कपड्यांच्या शेजारी दुधाच्या रिकाम्या पिशव्या वाळत असायच्या. धुतलेल्या, उलट्या केलेल्या, चिमटे लावलेल्या. कॉलनीत कुणी आमचं घर विचारत आला तर लोक त्याला तीच खूण सांगत: पहिला मजला, पिशव्या वाळत घातलेली गॅलरी. मला त्याचा भारी अभिमान होता. पिशव्या धुवायची माझी बायको, आणि अभिमान बाळगायचो मी. ही वाटणी कितीतरी वर्षं सुरळीत चालली.

मी हायस्कूलला मराठी शिकवायचो. मराठीच्या मास्तरानं संधी-समास सोडून कचऱ्यात कशाला पडावं, असं स्टाफरूममध्ये मला तोंडावर विचारलं जाई. पण एका उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी असं हिरवं आणि दाट झालं की काठावर बसून भेळ खाववेना. तेव्हा जे डोक्यात शिरलं ते पुन्हा निघालं नाही. घरात ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा मी सुरू केला, म्हणजे बायकोनं सुरू केला. खत करायला मी माठाला भोकं पाडून दिली. त्यातल्या अळ्या, चिलटं आणि वास तिच्याकडे. मंडईला जाताना कापडी पिशवी विसरली म्हणून मी तिला अर्ध्या वाटेतून परत पाठवलेलं आहे. एकदा मी सोबत नव्हतो तेव्हा ती कोथिंबीर आणि मिरच्या पदरात बांधून चालत घरी आली होती. "पर्यावरण तुमचं आणि धुणं-भांडी माझी," एवढंच म्हणायची. शिरोळकडची, कृष्णेकाठची मुलगी. बोलायची सडेतोड, पण भांडण ताणायची नाही.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला मी छातीवर बिल्ला लावून पंचगंगेच्या घाटावर उभा राहायचो. मूर्ती नदीत सोडू नका, दान करा. निर्माल्य कुंडात टाका. सकाळपासून ओरडून ओरडून घसा बसायचा. आमच्या घरातला गणपती शाडूचा असला तरी तोही मी दानच करायला लावायचो, कारण लोकांना सांगायचं आणि आपण सोडायचं हे बरं दिसत नाही. एका वर्षी मूर्ती हातातून देताना ती पुटपुटली, "ह्याला तरी नदीत जाऊ द्या की हो." मी तिथंच, लोकांच्या गर्दीत, तिला नदीच्या पाण्याविषयी सगळं ऐकवलं. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

आठ वर्षांपूर्वी वैशाखात ती गेली. चार दिवस ताप, मग दवाखाना, मग काहीच नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे दहन लाकडांऐवजी शेणींनी, गोवऱ्यांनी होतं. होळीला शेणी जाळण्यापेक्षा त्या स्मशानाला द्याव्यात अशी आता गावची रीतच झाली आहे, आणि आमच्या कॉलनीतून हातगाडी लावून शेणी गोळा करायचं काम दर वर्षी माझं असे. त्याही फाल्गुनात मी दारोदार फिरलो होतो. दोन महिन्यांनी माझ्या डोळ्यांसमोर तिच्यावर शेणी रचल्या जात होत्या तेव्हा त्यातल्या काही मीच आणलेल्या असतील, असा विचार मनात आला. रडू यायच्या ऐवजी हा हिशेबी विचार आला, याची मला अजून शरम वाटते.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. तिचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा, शिरोळहून आला होता. ऊस आणि चार म्हशी सांभाळणारा साधा माणूस. राख मडक्यात भरून झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, आक्काला वाडीला नेऊया. संगमात सोडूया." वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, त्यांच्या घरातली सगळी माणसं तिथंच सोडलेली. मी नाही म्हणालो. सगळ्या गावाला नदीत काही टाकू नका म्हणून सांगत फिरणारा माणूस मी, माझ्याच बायकोची राख नदीत कशी टाकणार?

त्यानं मडक्यावर फडकं बांधलं आणि म्हणाला, "मग आमच्या रानात घालूया. बांधावर आंबा हाय. आईची बी थोडी घातल्या तिथंच."

हे बरोबर होतं. नदीलाही धक्का नव्हता, तिच्या माहेरची माती होती, आणि त्या बांधाला कुणी हात लावणार नव्हतं. तरी मी नाही म्हणालो. मी त्याला सांगितलं की आम्ही शहरातल्या माणसांनी शहरातच झाड लावलं पाहिजे, इथंच सावली कमी आहे, वगैरे वगैरे. खरी गोष्ट एवढीच होती की मला ती रोज दिसायला हवी होती. गॅलरीत उभं राहिलं की समोर. ते सरळ सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं. पण मला आपलं म्हणणं तत्त्वात गुंडाळून मांडायची सवय. तो डोळे पुसत म्हणाला, "तुमचा हक्क हाय. मी काय म्हणणार?"

आमच्या गॅलरीसमोर कॉलनीची मोकळी जागा आहे. सगळे तिला ओपन स्पेस म्हणतात. तेव्हा तिथं गाजरगवत, दगड-विटा आणि पोरांची क्रिकेटची पट्टी एवढंच होतं. दुपारी सगळी कॉलनी जेवून आडवी झालेली असताना आम्ही दोघं मडकं घेऊन खाली उतरलो. कुदळ मेव्हण्यानं मारली. मी मडकं धरून उभा होतो. कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं, म्हणजे मीच ठरवलं होतं. मेलेल्या माणसाची राख पोरांच्या खेळायच्या जागेत पुरली असं कळलं असतं तर लोकांनी आम्हाला उभं जाळलं असतं. मी म्हणालो, झाड वाढू दे, मग सांगू.

तिला गुलमोहर आवडायचा. पण गुलमोहर परदेशी झाड, पाखरांना उपयोग नाही, असं मी वर्गात शिकवत आलेलो. म्हणून मी जांभळाचं रोप आणलं. तिला खाली ठेवतानाही मी माझंच खरं केलं, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

ते रोप महिनाभरात करपलं. राख जास्त झाली होती. खत कसं करावं, राख किती घालावी यावर मी शाळांतून भाषणं करायचो, आणि त्या दुपारी मडकंच्या मडकं एका खड्ड्यात रिकामं केलं, कारण थोडी ठेवावी तर कुठं ठेवावी हे समजेना. पाऊस सुरू झाल्यावर मी आजूबाजूची माती कालवून राख पसरली आणि तेवढ्याच उंचीचं दुसरं रोप लावलं. मेव्हण्याला कळवलं नाही. पुढच्या वैशाखात तो आला, पान हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "रोप बदललंसा व्हय?" माझा चेहरा पडला. तोच म्हणाला, "राख ज्यादा झाली आसंल. हुतंय की दाजी. ह्ये लागलंय बगा झ्याक." रानात राबणाऱ्या माणसापासून झाड लपत नाही.

तेव्हापासून लॉकडाऊनचं वर्ष सोडलं तर तो दर वैशाखात यायचा. हातात कृष्णेच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन. पहिल्या वर्षी मी, सवयीप्रमाणं, पाणी आणायला प्लॅस्टिकच मिळालं का, असं बोलून गेलो होतो. "तेलाचा हाय, धुतलाय," एवढंच तो म्हणाला. पाणी बुंध्याशी हळूहळू ओतायचा, खोडावर हात ठेवायचा आणि तिला बातम्या सांगायचा. ऊस कारखान्याला गेला. म्हैस व्याली. थोरलीचं लगीन ठरलं. येणारे-जाणारे बघायचे, सरांचा पाहुणा झाडाशी बोलतोय म्हणून हसायचे. मग वर येऊन चहा घ्यायचा आणि दुपारची एसटी धरायचा. वर्षातून तेवढा एक तास घरात तिच्याविषयी बोलणं व्हायचं. एरवी मी एकटाच सकाळचा चहा घेऊन गॅलरीत उभा राहायचो, आणि खोटं कशाला सांगू, मीही बोलायचो. ती असताना जेवढं बोललो नाही तेवढं.

झाड पहिल्या मजल्याला आलं. मग वर गेलं. बुलबुल येऊ लागले. पोरांनी त्याच्या खोडाला स्टंप केलं, त्याचंही मला काही वाटलं नाही. तिला पोरांची आवड होती.

कॉलनीची एक कमिटी आहे. तिचे अध्यक्ष माझ्यापेक्षा थोडे लहान, बँकेतून निवृत्त, कामाला वाघ. दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले. ओपन स्पेस नीट करून घ्यायची आहे, अर्ज लिहून द्या. कॉलनीतले सगळे अर्ज मीच लिहितो. पाणी येत नाही, दिवे बंद आहेत, कुत्री फार झालीत. मी लिहायला घेतलं, 'सदर जागेत झाडे लावून मिळावीत.' त्यांनी वाकून वाचलं.

"सर, झाडं म्हटलं की पैसा येत न्हाय. सुशोभीकरण लिवा. त्या नावाखाली निधी हाय."

सुशोभीकरण. या शब्दावर मी वर्गात कितीदा खडू झिजवलाय. 'सु' आणि 'शु' मध्ये पोरं चुकायची, 'भी' हमखास ऱ्हस्व काढायची. मला तो शब्द आवडायचा. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कडुनिंब होते, बकुळ होती, मध्ये हे जांभूळ, एखादं बाकडं, पाखरांना पाण्याची परळ. त्यातलं मी काहीच लिहिलं नाही. ते शब्दातच आहे असं मला वाटलं. वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर खुल्या जागेचे सुशोभीकरण होऊन मिळावे, ही नम्र विनंती,' आणि खाली पहिली सही माझी केली. जन्मभर शब्दांचे अर्थ सांगत आलो आणि या एका शब्दाचा अर्थ आसपास काय होऊन बसलाय, हे चार चौक ओलांडून बघायचं मला सुचलं नाही.

गेल्या वर्षी मार्च संपत आलेला असताना सकाळी जेसीबीचा आवाज आला. मी चहा टाकून तसाच खाली धावलो. पट्टीवरची माती खरवडली गेली होती आणि ठेकेदाराचा माणूस चुन्यानं रेघ मारत होता. ती रेघ झाडाच्या बुंध्यावरून सरळ पलीकडे गेली होती. अध्यक्ष खुशीत उभे होते. फिरायला ट्रॅक, मध्ये पेव्हिंग ब्लॉक, कोपऱ्यात व्यायामाची यंत्रं. झाड बरोबर ट्रॅकच्या मधोमध येत होतं. त्या वर्षी त्याला पहिल्यांदाच चांगला मोहोर आला होता.

मी म्हणालो, ट्रॅक वळवा. ते म्हणाले, नकाशा पास झालाय. मी म्हणालो, झाड तोडायची परवानगी? ते म्हणाले, "सगळं रीतसर हाय, सर." मी म्हणालो, मे महिन्यात इथं सावली कुठून आणणार? मी ऑक्सिजन म्हणालो, बुलबुल म्हणालो, जमिनीत पाणी मुरायचं म्हणालो. तोपर्यंत माणसं जमली होती. कुणी रागावलं नाही. उलट बरेचजण हसत होते, सर सुरू झाले म्हणून.

अध्यक्षांनी फोन काढून मला माझ्या अर्जाचा फोटो दाखवला. "अर्ज तुमच्याच अक्षरातला हाय की, सर. एकतीसच्या आत काम झालं न्हाय तर निधी परत जातोय. आणि जांभळाचं काय घेऊन बसलासा, ती पडून गाड्यांवर डाग पडत्यात. नवी चार रोपं लावू कुंडीत."

माझ्याजवळ एक वाक्य होतं. 'याच्या खाली माझी बायको आहे.' ते बोललो असतो तर जेसीबी थांबला असता. ट्रॅक वळला असता की नाही माहीत नाही, पण त्या क्षणाला थांबला नक्की असता, आणि मला निदान तिला हलवता आलं असतं. माती पोत्यात भरून शिरोळला नेता आली असती. वाक्य तोंडाशी आलं. मी समोरच्या माणसांकडे पाहिलं. हातात बॅट घेतलेली पोरं, त्यांच्या आया, नाकावर रुमाल धरलेले शेजारी. वाटलं, आता यांची तोंडं कशी होतील. पोरांना कडेला ओढतील. सात वर्षं आमच्यापासून लपवलंत, म्हणतील. मीटिंग बोलावतील. पिशव्या धुणारा वेडा होतोच, आता राख पुरणारा वेडा होईन. मी मूग गिळून उभा राहिलो.

आणि मग मी जे बोललो ते लिहिताना हात जड होतो. मी म्हणालो, "फांद्या तरी जाळू नका. खताला द्या."

"सरांचं ऐका रे," अध्यक्ष मोठ्यानं म्हणाले. "एकबी फांदी जाळायची न्हाय." सगळ्यांना बरं वाटलं. वाद मिटला होता. करवतीचं काम दहा मिनिटांत झालं. मग जेसीबीनं बुंधा मुळासकट उपटला, खालची माती दोन-तीनदा उचलून डंपरमध्ये टाकली. मी ड्रायव्हरजवळ गेलो आणि माती कुठं नेणार म्हणून विचारलं.

"भरावाला, पावणं," तो म्हणाला. "जिथं रिकामं दिसंल तिथं."

मी त्याच्यामागं स्कूटर काढून जायला हवं होतं. मी गेलो नाही. माणसांनी माझ्या सांगण्यावरून फांद्या नीट रचून आमच्या जिन्याजवळ ठेवल्या होत्या, आणि मी त्यांचे आभार मानले. पुढचे पंधरा दिवस मी ती पानं आणि तो मोहोर बारीक कापून माठात घालत होतो. दुसरं काय करायचं हे मला कळत नव्हतं.

ब्लॉक बसले. तांबडे आणि करडे, बुद्धिबळासारखे. दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. कंपाउंडच्या भिंतीला प्लॅस्टिकचं हिरवं गवत चिकटवलं आणि समोर फोटो काढायला कमान उभी केली. उद्घाटनाला अर्जाबद्दल माझा सत्कार झाला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फुलांचा गुच्छ होता. मी तो घेतला, फोटोला उभा राहिलो.

मेव्हण्याला कळवायला मी तीन-चारदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. वैशाख आला. त्या दिवशी सकाळी खाली पाहिलं तर तो ब्लॉकवर उभा होता, हातात कॅन. एकदा आमच्या इमारतीकडे बघायचा, एकदा पायाखाली. आपण चुकीच्या कॉलनीत आलो की काय अशी त्याला शंका आली असावी. मी चप्पल न घालताच खाली गेलो.

"दाजी, झाड?"

"तोडलं. मार्चमध्ये."

त्यानं मान हलवली. मग विचारलं, "आन् आक्का?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. झाडाबद्दल विचारील, रागावेल, एवढीच तयारी होती. मी सांगितलं की माती भरावाला नेली. कुठं नेली ते मला माहीत नाही.

"तुम्ही हितं हुतासा न्हवं?"

"होतो."

"खाली काय हाय ते सांगितलं न्हाईसा?"

"नाही."

"का?"

एवढी वर्षं मी कुठल्याही प्रश्नाला पाच मुद्द्यांत उत्तर देत आलोय. त्या दिवशी खरं तेच तोंडातून निघालं. मी म्हणालो, "लाज वाटली."

आवाज न चढवता त्यानं विचारलं, "कुणाची? आक्काची?"

नाही, लोकांची, असं मला म्हणता आलं असतं. पण लोकांसमोर जिचं नाव घ्यायची आपल्याला लाज वाटते, ती लाज तिचीच असते. हे त्यालाही कळलं होतं. त्यानं कॅन उघडला नाही. तो तसाच हातात घेऊन कॉलनीच्या फाटकाकडे चालू लागला. वर चला, चहा घ्या, असं मी दोनदा म्हणालो. मागं न वळता त्यानं हातानंच नको म्हणून सांगितलं.

यंदाच्या वैशाखात तो आला नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघून मीच फोन लावला. "उसाला पाणी हाय, दाजी. जमायचं न्हाय," म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उठून शिरोळला गेलो असतो, त्याचे पाय धरले असते. तब्येत सांभाळा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. तिच्याविषयी ज्याच्याशी बोलता येईल असं ते शेवटचं माणूस होतं.